बिनदातांच्या महिन्यांतली न्योकी

मामांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, उरलेले नऊ दात परभणीच्या डॉक्टरांनी तीन खेपांत काढले आणि सांगितलं, हिरड्या बसेपर्यंत दोन महिने थांबा, मग कवळी बसवू. शेवटच्या खेपेला मी सोबत होते. परतताना मामा एसटीत खिडकीला बसले, तोंडावर रुमाल धरून. उभा जन्म त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली. साऱ्या गाडीला ऐकू जाईल असा आवाज. पण त्या दिवशी आमचं पालम येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. तिकिटाचे पैसेसुद्धा मीच पुढे केले.

घरात आम्ही तिघंच. मामा, माझा नवरा आणि मी. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. पहिल्या दिवशी मी मऊ खिचडी केली, दुसऱ्या दिवशी भाकरी दुधात कुस्करून दिली, तिसऱ्या दिवशी मुगाचं कढण. चौथ्या दिवशी मामांनी ताट बाजूला सारलं.

"मी काय पाळण्यात हाय का?" ते म्हणाले. दात नसल्यामुळे शब्द फसफसत होते. "रोज रोज हे गिचगिच. खायाचं म्हनल्यावर हाताला काय तरी लागाय पाहिजे."

त्या दिवसापासून ते ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जायला लागले. खुर्ची भिंतीकडे फिरवून जेवायचे. आपलं चावणं कुणी बघू नये, एवढंच त्यांना हवं होतं. आमचे हे म्हणाले, "राहू दे, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे." मला ते पटलं नाही. मला स्वयंपाक येतो, आणि चांगला येतो. माझ्या हातचं खाणारा माणूस भिंतीकडे तोंड करून जेवतोय, हे मी दोन महिने बघत बसणार नव्हते.

त्याच आठवड्यात नणंद पुण्याहून बापाला भेटायला आली. पिशवीत पाच पाकिटं आणि सॉसची एक बाटली. पाकिटात हवा काढून दाबून बसवलेले, बोराएवढे पिवळट गोळे, प्रत्येकावर बारीक रेघा. "वैनी, आलूचं असतंय, एकदम मऊ. बाबांना चालंल," एवढं सांगून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती परत गेली.

मी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. नाव इंग्रजीत. मी ते 'ग्नोची' असं वाचलं. आमच्याकडे कणकेचे किंवा हुलग्याच्या पिठाचे वेटोळे वळून आमटीत शिजवतात, ते शेंगोळे. हे तसलंच काहीतरी, असं धरून मी गोळे उकळत्या पाण्यात टाकले आणि वीस मिनिटं ठेवले. झाकण काढलं तर पातेल्यात खळ. पोस्टर चिकटवायला झाली असती. ती मामांपुढे न्यायची सोयच नव्हती. मी थोडं चाखलं, बाकीचं टाकून दिलं आणि नणंदेला फोन लावला.

"किती वेळ ठेवलं वैनी?"

"वीस मिनिटं. शेंगोळ्याला ठेवते तसं."

ती इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "अवो, ते आधीच शिजलेलं असतंय. पाणी खळखळलं की टाकायचं, वर तरंगलं की लगेच काढायचं. दोन-तीन मिनिटं, बास. आन ग्नोची न्हाई, न्योकी म्हनतेत त्याला. इटलीकडचं हाय ते."

दुसरं पाकीट मी तिच्या सांगण्याप्रमाणे केलं. पाण्यात मीठ, मोठं पातेलं, थोडे थोडे गोळे. आधी सगळे तळाशी गेले, मग एकेक करून वर आले. झाऱ्यानं काढले आणि बाटलीतला गुलाबी सॉस गरम करून त्यात घातला. मामांनी एक गोळा तोंडात घेतला, हिरड्यांनी दाबला, थांबले, पुन्हा दाबला.

"हे दबतंय," ते म्हणाले. "आन दबून तुटतंय बी." पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर जरा रस दिसला. मग त्यांनी तोंड वाकडं केलं. "पर वरचं काय हाय हे? जिलेबीचा पाक वतला का काय? आन झोंबायलंय."

सॉसमधल्या टोमॅटोचा आंबटपणा ताज्या जखमेला झोंबत होता. पण माझ्या कामाची गोष्ट मला कळली होती. गोळा बरोबर होता, वरचा रस चुकला होता. मी शाळेत विज्ञान शिकवते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी मुलांना दर वर्षी सांगते. न्योकी तीच ठेवायची, रस बदलायचा.

आधी ताकाची कढी केली. ताक आंबट नको म्हणून सकाळीच लावलेल्या दह्याचं. बेसन नेहमीपेक्षा दुप्पट, म्हणजे कढी दाट होऊन त्या रेघांत बसेल. करडीच्या तेलात जिरं, हिंग आणि लसणाची फोडणी, आणि लसूण नंतर वेचून काढला. मिरची नाही. मामांनी वाटी संपवली. हात धुताना विचारलं, "उद्या बी हेच का?"

"उद्या दुसरं."

"बरं."

तिसऱ्या दिवशी मी चुकले. तूप आणि जवसाची चटणी घातली. चव झकास होती, पण जवसाचा एक बारीक दाणा हिरडीच्या खाचेत जाऊन बसला आणि मामा दिवसभर गाल धरून फिरले. त्यानंतर जे काही वाटलं ते मी बारीक चाळणीतून दोनदा काढलं. शेंगदाण्याचा कूटसुद्धा पाणी घालून, गंधासारखा होईपर्यंत वाटला. पालक उकडून, मिक्सरमधून काढून, वर साय घालून दिला. मामा म्हणाले, "रंग शेतावानी हाय, पर चव चांगली हाय."

आमच्या ह्यांनाही खायची इच्छा झाली, पण ह्यांना दात आहेत. मग ह्यांच्यासाठी उकडलेली न्योकी निथळून, तव्यावर तुपात पसरून, न हलवता खरपूस होऊ दिली. हलवलं की ती फुटते, हे माझं मलाच कळलं. वरून लसूण-खोबऱ्याची चटणी आणि लिंबू. ह्यांनी खाताना कुरकुर आवाज केला तशी बाहेरच्या खोलीतून हाक आली, "मला बी दे त्यातलं."

"तुम्हाला टोचेल मामा."

"तू दे तर खरं."

मी त्यांच्यापुरती एकाच बाजूनं, नुसती सोनेरी होईल एवढीच परतून दिली. चटणी नाही, नुसतं तूप आणि जिऱ्याची पूड. मामांनी मऊ बाजू खाली घेऊन खाल्ली आणि युक्ती आपलीच असल्यासारखी मला समजावून सांगितली.

या सगळ्यांत येसर वरचढ ठरला. येसर आमच्याकडे घरोघरी असतो. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं असं सगळं भाजून केलेलं पीठ. ते पाण्यात कालवून फोडणी दिली की दाट आमटी होते. माझ्या डब्यातला येसर तिखट होता, म्हणून मी रविवारी मिरचीशिवाय नवा भाजला, दळून आणला, चाळला. आमटी उकळली, गॅस बंद केला आणि मगच न्योकी आत सोडली. उकळत्या आमटीत ठेवली असती तर पुन्हा खळ झाली असती. पाच मिनिटांत गोळ्यांनी रस धरला.

मी ताट बाहेर न्यायला निघाले तर मामाच स्वयंपाकघराच्या दारात उभे. "इथंच बसतो," म्हणाले. "वास तिकडं पुरंना झालाय." आमच्या दोघांच्या मध्ये बसले, दोनदा मागून घेतली आणि मग विचारलं, "काय म्हनतेत म्हनालीस याला?"

"न्योकी."

"आलूचे शेंगोळे म्हन की सरळ."

ते परत बाहेरच्या खोलीत जेवायला गेले नाहीत. पाकिटं संपत आली तेव्हा ह्यांनी परभणीत एका मोठ्या दुकानाच्या फ्रीजमध्ये ती शोधून काढली आणि सहा आणली.

दीड महिना झाला असेल, एका सकाळी मामा कपड्यांची पिशवी भरून तयार. "वालूरला जाऊन येतो. अक्काकडं." अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिचे दात जाऊन दहा वर्षं झाली, कवळी तिनं लावलीच नाही. रोज दुधात कुस्करलेली भाकरी. "दोन पाकिटं दे. आन तो बिनतिखटाचा येसर."

"अक्कांच्या सुनेला मी फोनवर सांगते कसं करायचं ते."

"तिला कशाला? मी करतो."

मामांनी आजवर चहासुद्धा केला नव्हता. तरी मी दोन पाकिटं आणि येसर त्यांच्या पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. फोन अक्कांच्या सुनेनं धरलेला, आणि गॅससमोर झारा घेऊन मामा, घामाघूम.

"वर आले! बाई, सगळे वर आले! काढू का?"

"काढा काढा, थांबू नका."

"आमटी उकळायलीय अजून."

"गॅस बंद करा आधी. मग सोडा."

थोड्या वेळानं पडद्यावर अक्का आल्या. मोठा घास, मिटलेले डोळे, गाल हळूहळू हलताहेत. घास गिळून त्या म्हणाल्या, "लय मऊ हाय गं. किती दिसांनी काय तरी चावून खाल्लं. पर मीठ कमी टाकलंय यानं."

एका मुक्कामासाठी गेलेले मामा पाचव्या दिवशी परत आले. पुढच्या महिन्यात कवळी बसली, आणि आता ते भाकरी खातात, खारे दाणेही खातात.

अक्कांच्या सुनेचा परवा फोन आला. तिनं आंबाडीची भाजी घोटून त्यात न्योकी घातली आणि अक्कांनी मागून मागून खाल्ली. मी दुसऱ्याच दिवशी करून पाहिली. छान होते. फक्त आंबाडी आधी उकडून तिचं पाणी टाकून द्यायला हवं, नाहीतर आंबटपणा न्योकीवर चढतो. तसं मी तिला फोन करून सांगितलं.