सासऱ्यांच्या पाठी घेतलेलं नाव

हसणार नसाल तर सांगते. हसणार आहात, माहीत आहे मला. निदान कप खाली ठेवून हसा, कारण आमच्या कार्पेटवर आधीच एक डाग आहे.

माझा आवाज बारीक. किती बारीक? तर सांगलीला शाळेत मी 'हजर' म्हटलं तरी बाई गैरहजेरी मांडायच्या! आणि अशा मुलीला देवाने सासरे कसे द्यावेत? कार्डिफचे डॉक्टर, आता निवृत्त, स्वभाव लोण्यासारखा, पण ऐकण्याच्या नावाने शंख.

लग्नात मी उखाणा घेतला. आईकडून तपासून घेतलेला, अगदी सभ्य. समोरून बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, खणखणीत आवाज आला, "काय म्हणाली?" मी पुन्हा घेतला. "काय म्हणाली?" तिसऱ्यांदा अख्खं कार्यालय एका सुरात ओरडलं, "काय म्हणालीऽऽ?" माझ्या लग्नाच्या व्हिडिओत नवऱ्याचं नाव कुठेच ऐकू येत नाही. 'काय म्हणाली' मात्र स्पष्ट येतं.

त्यामुळे इथे कार्डिफला आल्यावर मराठी मंडळाच्या संक्रांतीचं बोलावणं आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. इथे हळदीकुंकू सहकुटुंब असतं आणि नव्या सुनेने स्टेजवर जाऊन नाव घ्यायचं असतं. पुन्हा तेच झालं असतं तर मी हॉलमधून थेट हीथ्रो गाठणार होते. आणि खरं सांगू? मला बाबांना ते ऐकवायचं होतं. एकाच घरात राहून त्यांनी माझं एकही वाक्य धड ऐकलं नव्हतं. मी "चहा ठेवू?" विचारलं की ते "हो, पाऊस आहेच" म्हणायचे.

बाबांचे कान गेले बंदुकीमुळे. दचकू नका! तरुणपणी इथे आले तेव्हा एका शेतकरी पेशंटने त्यांना क्ले शूटिंगला नेलं. पक्षी वगैरे नाही हं, यंत्रातून केशरी बशा उडतात, त्या फोडायच्या. बाबांना नाद लागला. कानात काही न घालता वर्षानुवर्षं धडाम धडाम.

"डॉक्टर असून?" मी एकदा ओंकारला विचारलं होतं.

"अगं, डॉक्टर म्हणूनच. दुसऱ्यांची कान बघायची, स्वतःची नाही." आमचे हे कार्डिफात जन्मलेले, त्यांच्या मराठीत कान कधी 'ती' असते, कधी 'ते'.

कानातलं मशीन आहे बाबांकडे, पण ते ड्रॉवरमध्ये असतं. घातलं की म्हातारा दिसतो म्हणे. सत्तरी उलटली आहे, पण दिसता कामा नये!

तर संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी आणि ओंकार त्यांच्याबरोबर शूटिंगच्या ग्राउंडवर गेलो. निघण्याआधी बाबांनी नेमाप्रमाणे स्वतःच्या हाताने साबुदाण्याची खिचडी केली आणि आम्ही नेमाप्रमाणे ती खाल्ली. त्याविषयी पुढे येईलच.

डोंगराच्या कुशीतलं ग्राउंड, पलीकडे मेंढ्या, हाडं गोठवणारा वारा. दारातच मला लाल इअरमफ दिले. कानांवर दोन वाट्या बसल्या आणि जग बंद! मेंढ्या तोंड उघडत होत्या, आवाज नाही. बाबांनी आपले हिरवे चढवले. मी मनात म्हटलं, आधीच ठार बहिरे, वरून झाकण. संपलंच!

पण काय सांगू, तो माणूस तिथे वेगळाच दिसतो हो. घरात रिमोट शोधणारे बाबा, तिथे पाय रोवून उभे. "पुल!" असा इंग्रजी हुकूम सोडतात, केशरी बशी आभाळात झेपावते, नातवंडाला उचलावं तशी अलगद बंदूक खांद्याला लागते, आणि बशीची धूळ. पुन्हा "पुल!" पुन्हा धूळ. त्यांचा मित्र ग्विन शेजारी उभा राहून नुसती मान डोलावत होता. मी तर नजर लागू नये म्हणून बोटं मोडली.

ओंकार चहा आणायला गेला. मी दोरीच्या मागे, बाबांची पाठ माझ्याकडे. आणि मला सुचलं: रंगीत तालीम करायला याहून चांगली जागा कुठली? समोर माणूसही आहे आणि तो ऐकतही नाही!

सुरुवात सभ्यपणे केली.

"हिरव्या हिरव्या कुरणावर ढगांची दाटी,
ओंकाररावांचं नाव घेते सासऱ्यांच्या पाठी!"

मला स्वतःचंच कौतुक वाटलं. बाबांची बशी मात्र चुकली. ग्विनने भुवई उचलली.

मग माझी भीड चेपली.

"कार्डिफच्या खाडीवर सुटलाय गार वारा,
ओंकाररावांचे बाबा बहिरे, चढतो माझा पारा!"

दुसरीही चुकली. बाबांचे खांदे थरथरत होते. बिचारे! थंडी बाधली असणार. मला भरून आलं, तशाच भरल्या मनाने मी पुटपुटले, "वय झालं हो आता, झेपत नाही." आणि थांबायचं की नाही? नाही! सकाळची खिचडी अजून टाळूला चिकटलेली होती.

"बाबांच्या खिचडीचा झालाय नुसता गोळा,
ओंकाररावांनी गिळताना घट्ट मिटला डोळा!"

यावेळी बशी डोंगरापलीकडे सुखरूप पोचली. ग्विन घाबरला. "यू ऑलराइट, डॉक?"

एवढ्यात ओंकार चहा घेऊन आला. मी लाल वाटी कानावरून सरकवून हळूच म्हटलं, "बाबांना घरी नेऊ या. नेम जातोय त्यांचा. मी इथे उखाणे म्हणत होते, त्यांना पत्ताही नाही."

त्याचा चेहरा उतरला. "उखाणे? कुठले?"

मी सांगितले.

"माय गॉड. अगं, ते हिरवे बॅटरीवाले आहेत! बारीक आवाज मोठा करतात. फक्त धडाम झालं की बंद होतात. बाबांना त्यात मेंढी चावते तेसुद्धा ऐकू येते!"

"मेंढी चावते?"

"गवत, गं! गवत चावते!"

"आणि तुमची कुजबुजही येते," बाबा पाठ न वळवता म्हणाले.

धरणीमाते, वेल्समध्ये असलीस तरी चालेल, पण पोटात घे!

बाबांनी बंदूक मधून उघडून हातावर घेतली, सावकाश वळले. डोळ्यांत पाणी होतं, हसून हसून आलेलं. "सूनबाई, आम्ही नेम धरतानासुद्धा दोन्ही डोळे उघडे ठेवतो. आणि माझी खिचडी गिळायला डोळा मिटावा लागतो होय?"

"सॉरी बाबाऽऽ!" आयुष्यात पहिल्यांदा मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

"ओरडू नकोस. ओरडलं की हे कानावरचं यंत्र दार लावून घेतं. तुझ्या नेहमीच्या आवाजात बोल." मग थोडं थांबून म्हणाले, "लग्न झाल्यापासून तुझा आवाज आज नीट ऐकला. गोड आहे गं. शब्द नाहीत, आवाज."

यापुढे त्या माणसावर रागवायचं कसं, सांगा!

संक्रांतीला बाबा पहिल्या रांगेत बसले होते. सूट, टाय, आणि डोक्यावर हिरवे इअरमफ! लोक वळून वळून बघत होते. ड्रॉवरमधल्या मशीनची लाज वाटणारा माणूस माझ्यासाठी तसा बसला होता. माइक नेमका रुसला. मी बाबांकडे बघितलं आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं,

"तिळावर चढला पाक, हलव्याला आला काटा,
ओंकाररावांच्या सोबतीने सापडल्या नव्या वाटा."

"वा!" एकटे बाबा. टाळ्याही एकट्याच्या.

आणि मागून अख्खा हॉल, "काय म्हणालीऽऽ?"

बाबा ताडकन उठले. "मी सांगतो! मला ऐकू आलंय!" छाती फुगवून, हॉलकडे वळून, खणखणीत आवाजात त्यांनी माझा उखाणा ऐकवला.

खिचडीचा.

हॉल लोळला. बाबा मला डोळा मारून खाली बसले. तेव्हापासून मंडळात मला माझ्या नावाने कुणी हाक मारत नाही, मी 'गोळा-डोळा'. आणि एवढी पारख असलेली सून आहे म्हटल्यावर पुढच्या एकादशीची खिचडी एकमताने माझ्याकडे आली.

केली. बशी भरून आधी बाबांना दिली. नेम धरतानासुद्धा दोन्ही डोळे उघडे ठेवणाऱ्या माझ्या सासऱ्यांनी पहिला घास तोंडात घातला आणि दोन्ही डोळे गच्च मिटले.