निरंकाचे वैरी

उभ्या महाराष्ट्रात सरकारी परिपत्रक मनावर घेणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. थोरले साडू, बायकोच्या अक्काचे यजमान. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेजवळ, कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेत ते हेडक्लार्क होते. नव्वदनंतरच्या कुठल्याशा वर्षी वरून हुकूम आला, की यापुढे नवा नियम करायचा तर ‘नियमामुळे लोकांवर होणारा परिणाम’ असा रकाना भरून प्रस्तावाला जोडावा. आसपासच्या सगळ्या कचेऱ्यांनी तो तत्परतेने पाळला. म्हणजे रकाना आखला आणि त्यात ‘निरंक’ लिहिलं. निरंक म्हणजे काही नाही, पुढचा कागद घ्या. एका कचेरीने तर म्हणे त्या शब्दाचा रबरी शिक्काच करून घेतला होता. आमचे साडू मात्र परिपत्रक तीनदा वाचून मुख्याधिकाऱ्यांकडे गेले आणि म्हणाले, “साहेब, परिणाम लिहायचा, पण विचारायचा कुणाला?” साहेब नुसते हसले. साडूंना वाटलं, मंजुरी मिळाली.

झालं, त्या दिवसापासून हा भला माणूस कामातून गेला. बारमाही छत्री, खांद्याला खाकी पिशवी, आणि जो भेटेल त्याला एकच प्रश्न: “असं केलं तर तुमचं काय होईल?” मंडई हलवायचा विषय निघाला तेव्हा ते एकेका भाजीवालीच्या खनपटीला बसले. “माजं काय हुतंय मामा, तुमी आदी कोथमीर घ्या,” असं प्रत्येकीनं म्हणायचं आणि यांनी भिडेखातर घ्यायची. चौकशी आठवडाभर चालली आणि आठवडाभर अक्काच्या घरी सकाळ-संध्याकाळ कोथिंबिरीच्या वड्या. मी पाहुणा म्हणून गेलो होतो, मलाही सुटका नव्हती. घरातही तोच कारभार. अक्काने ओसरीवरचा माठ आत आणायचं ठरवलं, तर हे तीन दिवस ओसरीवर वही घेऊन बसले, आणि त्यांना शोध लागला की त्या माठातलं पाणी पोस्टमन पितो, शेजारच्या शिंपीणबाई पितात आणि झाकण सरकलं असेल तर एक शेळीही पिते. माठ जागचा हलला नाही. “शेळीचंसुद्धा मत घेतलं हो यांनी, माझं तेवढं राहिलं,” असं अक्का मला म्हणाली, आणि साडूंनी खरोखरच घाईघाईने वही उघडली. हसावं की रडावं!

पण एकदा गंमत गमतीच्या पलीकडे गेली. दिवाळी झाली की माणदेशातले धनगर मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरतात आणि साडूंच्या गावच्या पुलावरून नदी ओलांडतात. मेंढरांनी वाहतूक तुंबते म्हणून पुलावर त्यांना कायमची बंदी घालायचा प्रस्ताव निघाला. दुसरी वाट खालच्या बंधाऱ्यावरून होतीच, तेव्हा रकान्यात निरंक लिहा आणि मोकळे व्हा, असं साहेबांचं म्हणणं. साडूंनी चार दिवसांची रजा टाकली आणि एका म्हाताऱ्या धनगराच्या कळपाबरोबर बंधाऱ्याच्या वाटेने चालू लागले. पायांत कचेरीच्या चपला! “आवं सायेब, तुमी कशापायी पाय मोडून घेताय?” म्हाताऱ्याने विचारलं. “रकाना भरायचाय,” साडू म्हणाले. पुलावरून अर्ध्या तासाचं काम, तिथे पुरते दोन दिवस लागले. बंधाऱ्यावरच्या निसरड्यात दोन कोकरं वाहून गेली. तिसरं साडूंनी पकडलं आणि खाकी पिशवीत घालून पैलतीरी नेलं. परतले तेव्हा तळपायांना फोड आणि पिशवीला असा वास, की अक्काने ती आठ दिवस बाहेर टांगली. रकान्याला त्यांनी सतरा पानं जोडली.

साहेब संतापले. नोकरीची जेमतेम तीन वर्षं राहिलेली, आता या वयात बदली घेता का, असंही सुनावलं. साडू घाबरले होते, हे त्यांनी नंतर मला स्वतः सांगितलं. पण ते म्हणाले, “साहेब, बंदी घालायची तर घाला. फक्त निरंक माझ्या हाताने लिहायला लावू नका.” सभेत कुणीतरी ती पानं वाचून दाखवली. वाहून गेलेल्या कोकरांचं पान सभेने पुन्हा वाचायला लावलं म्हणतात. शेवटी सकाळी आठपर्यंत पूल मेंढरांना मोकळा राहील असं ठरलं, तशी पाटी लागली. पुढे दरवर्षी साडू पहाटे छत्री घेऊन पुलावर उभे असत, पाटीप्रमाणे चाललंय ना ते बघायला.

मग ते निवृत्त झाले. मी भेटायला गेलो तर त्यांनी कचेरीतला एक कागद पुढे केला. ‘सदर कर्मचाऱ्याच्या निवृत्तीमुळे होणारा परिणाम: निरंक.’ मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. चष्मा पुसून ते म्हणाले, “निरंक असेलही हो. पण कुणाला विचारलं नाही त्यांनी. तसंच लिहून टाकलं.”

दोन वर्षांनी, ऐन पावसाळ्यात, साडू गेले. त्या दिवाळीनंतर मी अक्काकडे होतो. पहाटे जाग आली आणि का कोण जाणे, कोपऱ्यातली छत्री घेऊन मी पुलावर गेलो. कळप आला. पुढे तोच म्हातारा. छत्री ओळखून थबकला, मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, “मामा दिसंनात कुटं?” मी सांगितलं. “आरं द्येवा,” म्हणून त्याने काठी आडवी धरली आणि मागच्यांना ओरडला, “थांबा रं जरा.” सगळा कळप पुलावर उभा राहिला. मागे ट्रकवाले भोंगे वाजवत होते, आठ वाजत आले होते, तरी कुणी हललं नाही. “मामा नसले तर तुमचं काय होईल?” मी विचारलं. “आमास्नी कवा कुनी इचारलं न्हवतं,” म्हातारा म्हणाला, “त्या मानसानं इचारलं.”

साडूभाऊ, तुमच्या त्या कागदावरचा रकाना चुकलाय. मी पुलावर जाऊन, विचारून आलोय.