निळी हळद

शनिवार पेठेतल्या त्या छापखान्यात मी कॉम्प्युटरवर बसायला लागले, तेव्हा मालकांनी एक लोखंडी कपाट दाखवलं. आत जुन्या रंगीत चित्रांच्या फिल्म होत्या. एका चित्राच्या चार, प्रत्येक शाईची एक. "शनिवारी भंगारवाला येतोय," ते म्हणाले. मी म्हटलं, त्याआधी सगळी चित्रं कॉम्प्युटरवर घेते.

"घ्या की. तुमच्या वऱ्हाडात शनिवार कधी येतो माहीत नाही. इथे शुक्रवारनंतर येतो."

मला राग आला. आता करूनच दाखवायचं, असं ठरवलं.

चार दिवस स्कॅनिंग केलं. प्रत्येक फिल्मची एक करडी फाइल झाली. चारांचं एक रंगीत चित्र करणारं महागडं सॉफ्टवेअर मालक घेणार नव्हते. पण एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीत त्याची सोय होती: काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, तीत चारही फायलींची नावं क्रमाने लिहायची. क्रम मला मशीनमनकाकांनी पहिल्याच दिवशी शिकवला होता. आधी पिवळा, मग लाल, मग निळा, शेवटी काळा. कागदावर शाई तशीच चढते. मी तसंच लिहिलं. खडकवासल्याचा हिरवा डोंगर झकास आला. मग त्याच ओळीने सगळं कपाट उरकलं.

शनिवारी भंगारवाला दारात येऊन बसला. मालकांनी एक चित्र उघडायला सांगितलं. छापखान्याच्या कॅलेंडरवर त्यांनी हौसेने छापलेली त्यांची मुलगी, हळदीच्या दिवशीची. पडद्यावर तिचा चेहरा निळा होता, कुंकू जांभळं.

"आम्ही हळद लावली होती," मालक म्हणाले. "नीळ नव्हे." आणि भंगारवाल्याला, "न्या हो सगळं."

मशीनमनकाका वाकून बघत होते. "पिवळ्याच्या जागी निळा गेलाय. क्रम कुणी सांगितला?"

"तुम्हीच."

"तो छपाईच्या मशीनचा. कॉम्प्युटरचा क्रम कॉम्प्युटरला विचारलास का?"

नव्हता विचारला. हिरव्यात निळा आणि पिवळा दोन्ही असतात, अदलाबदल झाली तरी डोंगर हिरवाच राहतो. त्यानेच मला फसवलं. लाज वाटली, पण खुर्ची सोडली नाही. करड्या फायली जपून ठेवल्या होत्या. "दहा मिनिटं थांबा," मी थेट भंगारवाल्यालाच सांगितलं. निळा पहिला केला, पिवळा तिसरा, आणि एंटर दाबलं.

हळद पिवळी झाली. मालक स्टूल ओढून बसले. मुलगी नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी अमेरिकेला गेली होती आणि तेव्हापासून आली नव्हती, हे सगळ्या छापखान्याला ठाऊक होतं.

"अहो," ते मला म्हणाले, "हे तिकडे पाठवता येईल का? आज?"

"येईल."

मग ते भंगारवाल्याकडे वळले. "तुम्ही चहा घ्या आणि निघा."