नव्वद ठोके

पाच वर्षांपूर्वी मी माझ्या पत्नीच्या नाडीचा आकडा खोटा सांगितला. ही गोष्ट मी कुणालाही कळू दिली नव्हती. विसरलो होतो असे म्हणणे सोयीचे झाले असते. पण मी ती विसरलो नव्हतो.

गणपतीचे दिवस होते आणि रविवार होता. दुपारी चार वाजता परळला आमच्या भजनी मंडळाची डबलबारी होती. दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून कोंडीत पकडतात, आणि बुवाची अर्धी अब्रू पखवाजवाल्याच्या हातात असते. आमच्या मंडळात पखवाज मी वाजवतो. विमा कचेरीतल्या फायलींनी मला पगार दिला. लालबागेत मान मिळाला तो या वाद्याने.

अडीचच्या सुमारास पत्नी ओट्याला टेकून उभी राहिली. "अहो, परत सुरू झालं. जरा नाडी बघता का?"

हा त्रास तिला त्याआधी दोनदा झाला होता. काही कारण नसताना, भाजी निवडता निवडता, बटण दाबावे तशी छातीत धडधड सुरू होई. मानेपर्यंत ठोके जाणवत. अर्ध्या-पाऊण तासाने ती जशी आली तशीच एकदम थांबे.

मी तिचे मनगट धरले आणि घड्याळाकडे पाहिले. पंधरा सेकंदांत पंचेचाळीसपर्यंत आलो आणि पुढे माझी मोजणी तुटली. वैद्यकातले मला काही कळत नाही, पण लय कळते. ती लय जराही चढत-उतरत नव्हती. काटेकोर, एकसारखी आणि माझ्या बोटांना न पेलणारी. तिच्या मंगळसूत्राच्या वाट्या थरथरताना मला दिसत होत्या.

"किती आहेत?"

"नव्वद," मी म्हणालो. "तू मनाला फार लावून घेतेस. पाणी पी, पड जरा."

"नव्वदच?"

"अगं, मी मोजलेत ना."

तिने मान डोलावली आणि ती आत जाऊन पडली. सव्वातीनला पखवाज खांद्याला अडकवून मी बाहेर पडलो. त्या दुपारी मी फार चांगला वाजवला, हेही इथे नोंदवले पाहिजे.

चार दिवसांनी आम्ही गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. ते आमचे घर वर्षानुवर्षे पाहत आलेले, आणि डबलबारीला न चुकता पुढच्या रांगेत बसणारे. त्यांनी कार्डिओग्राम काढला. धडधड थांबून चार दिवस उलटले होते, तेव्हा तो निर्दोष यायचाच.

"त्या वेळी नाडी कुणी पाहिली होती का?" त्यांनी तिला विचारले.

प्रश्न तिला होता; उत्तर मी दिले. "मी पाहिली. नव्वद होती."

डॉक्टर हसले. "मग वहिनी, मशीनपेक्षा पक्कं काम झालंय. या माणसाची मात्रा चुकलेली मी आजवर ऐकली नाही."

त्यांनी मन शांत राहावे म्हणून एक लहानशी गोळी लिहून दिली. त्या क्षणी मी तोंड उघडू शकलो असतो. एवढ्या कौतुकानंतर ते मला जमले नाही.

पुढच्या वर्षांत झटके वाढले. गोळीने तिला झोप येई. धडधड मात्र आपल्या वेळेनेच थांबे. ठाकूरद्वारच्या एका बालवाडीत ती शिकवीत असे. एकदा गोष्ट सांगता सांगता ती भिंतीला धरून खाली बसली आणि मुले रडू लागली. "माझ्या भरवशावर कुणी पोरं कशी ठेवायची?" असे म्हणून तिने नोकरी सोडली. वडाळ्याला बहिणीकडे ती एकटी जाईनाशी झाली. बहीण फोनवर थट्टा करी, "काय गो घाबरट, आज उंदीर दिसला की झुरळ?" तीही हसे. मला नाडी पाहायला मात्र तिने पुन्हा कधी सांगितले नाही. त्रास सुरू झाला की "नव्वदच असतील," असे स्वतःशी म्हणे आणि भिंतीकडे तोंड करून पडून राही. मी बाजूच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असे.

गेल्या जानेवारीत एका सकाळी भाजीची पिशवी घेऊन येताना ती जिन्यातच बसली. ओठ पांढरे पडले होते, कपाळावर घाम होता. तास झाला तरी थांबेना. या वेळी मी मोजायच्या भानगडीत पडलो नाही. टॅक्सी केली आणि तिला परळच्या एका रुग्णालयात नेले.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तारा लावल्या, कागदाची पट्टी बाहेर आली आणि त्यांनी ती उजेडाकडे धरली. "एकशे शहाण्णव," त्या म्हणाल्या. "काकू, काहींच्या हृदयात विजेची एक जादा वाट असते. ठोका त्या वाटेत अडकून गोल गोल फिरत राहतो. आपण त्याला बाहेर काढू."

त्यांनी तिच्या हाती रिकामी सिरिंज दिली. "यात जोरात फुंका. दट्ट्या हलला पाहिजे."

"वाढदिवस आहे का कुणाचा?" पत्नी धापा टाकीत म्हणाली, आणि फुंकू लागली. लगेच तिला आडवे करून दोन परिचारिकांनी तिचे पाय वर धरले. पडद्यावरचा आकडा हलला नाही. पुन्हा एकदा तेच केले, तरी नाही.

"आता एक इंजेक्शन देते. दोन-चार सेकंद फार वाईट वाटेल, आत काही बुडाल्यासारखं. घाबरू नका, मी इथेच उभी आहे."

औषध आत गेले. पत्नीने डोळे मोठे केले. पडद्यावरची रेघ सपाट झाली. त्या तीन-चार सेकंदांत मी खाटेचा गज धरून उभा होतो. दुसरे काही करण्याजोगे माझ्याकडे नव्हते. मग एक ठोका उमटला, थोड्या अंतराने दुसरा, आणि आकडा ब्याऐंशीवर येऊन बसला.

"गेलं," पत्नी म्हणाली. मग तिने डॉक्टरीणबाईंचा हात धरला. "म्हणजे खरंच होतं ना?"

"अहो, म्हणजे काय? ही पट्टी बघा की."

ती पट्टी हातात घेऊन ती रडू लागली. "मला वाटायचं, माझं मीच करते हे सगळं."

आठवड्याने आम्ही हृदयाच्या ठोक्यांचे उपचार करणाऱ्या तज्ज्ञांपुढे बसलो. आधीचे झटके असेच होते का आणि त्यात कुणी नाडी मोजली होती का, असे त्यांनी विचारले.

"यांनी मोजली होती," पत्नी म्हणाली. "नव्वद होती."

त्यांचे पेन थांबले. "नव्वद? मग ते झटके वेगळे असू शकतात. हा एकच खरा असेल तर सध्या गोळ्यांवर थांबून बघू. वारंवार होत असेल, तर मात्र मांडीच्या शिरेतून तार नेऊन ती जादा वाट जाळून टाकता येते. बहुतेकांना मग पुन्हा त्रास होत नाही."

मी गप्प राहिलो असतो, तर ती नुसत्या गोळ्या घेऊन घरी परतली असती.

"नव्वद नव्हती," मी म्हणालो. "मी खोटं सांगितलं होतं. पंधरा सेकंदांत पंचेचाळीसच्या पुढे मला मोजता आलं नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते लिहू लागले. "एकदम सुरू, एकदम बंद?"

"हो."

"किती वर्षं?"

"पाच."

पत्नी समोरच्या भिंतीकडे पाहत होती. परतताना टॅक्सीत तिने विचारले, "डबलबारीसाठी?"

"हो."

"आणि डॉक्टरांना का सांगितलं नाही?"

"लाज वाटली."

पुढचे तीन आठवडे आमच्यात दूध, गॅस आणि रुग्णालयाची तारीख एवढेच बोलणे झाले.

त्या तारखेला ती दोन-अडीच तास आत होती. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "वाट सापडली, बंद केली. नंतर धडधड मुद्दाम सुरू करून पाहिली, होत नाही." मी आभार मानले आणि बाकावर बसलो. इतके हलके वाटण्याचा मला काही अधिकार नव्हता, तरी वाटत होते.

ती वॉर्डात उताणी पडली होती, उजवा पाय सरळ. चेहऱ्यावर रंग होता.

"आत किती शांत आहे," ती म्हणाली. "बालवाडीवाल्या बाईंना फोन करून बघेन म्हणते."

"मला काही बोलायचं आहे."

"बोला. पाय हलवायचा नाही म्हणतात, तेव्हा उठून काही जाता येणार नाही मला."

मी सुरुवात केली. शेजारच्या खाटेभोवती माणसे होती, म्हणून माझा आवाज आणखी खाली गेला.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "नव्वद कसं खणखणीत म्हणाला होतात."

मी खाटेजवळ उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "त्या दिवशी तुझी नाडी मोजता येऊ नये इतकी धावत होती, आणि ते मला कळलं होतं. कार्यक्रम चुकू नये म्हणून मी खोटं बोललो. पुढे माझा मान राखायला ते तसंच ठेवलं, आणि तुला घाबरट ठरू दिलं. तू घाबरट नव्हतीस. तू सांगत होतीस ते प्रत्येक वेळी खरं होतं. माझं चुकलं. मला माफ कर."