चिमूटभर गवत

बासष्टाव्या वर्षी आमच्या आत्याला विमानातून उडी मारायची होती. पाठीला पट्टे आवळून ती धावपट्टीशेजारी नवरीसारखी मिरवत होती. तिच्याबरोबर उडी मारणाऱ्या प्रशिक्षकाने चिमूटभर वाळलेलं गवत उपटून हवेत सोडलं. ते आमच्याकडे आलं आणि मध्येच वळून उलटं गेलं. पश्चिमेला एक ढग काळवंडत होता.

"आत्या, पट्टे सोडा. आज नाही," तो म्हणाला.

"एवढ्याशा ढगाला घाबरलात?"

"घाबरलो. असा ढग पॅराशूटला खाली येऊ देत नाही, वर ओढून नेतो."

शेकडो उड्या मारलेला माणूस हे किती सहज म्हणाला. मला वाटायचं, धाडसी माणसांना भीती ठाऊकच नसते. पण आभाळाशी ज्याचं रोजचं येणंजाणं, त्याला त्याचा रागही आधी कळत असणार. घरच्या माणसाचा चेहरा पाहून आपण विषय बदलतो, तसंच हे.

मग वादळ आलं. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही उकडलेल्या शेंगा खात बसलो. आत्याने पट्टे काही सोडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ निळं होतं. आत्याने रुमालात जपून ठेवलेलं कालचं कोरडं गवत काढलं आणि हवेत सोडलं. ते सरळ तिच्या पायाशी पडलं.

"चला," ती प्रशिक्षकाला म्हणाली, "आज आभाळ बोलावतंय."