बाहेरच्याबद्दल एक शब्द नाही

ती घटना आठवली की आजही हातातलं काम थांबतं. चोऱ्यामाऱ्या, खून, सगळं बघितलं मी नोकरीत, पण इतकी सुन्न कधी झाले नव्हते. दोन हजार सालाच्या पुढंमागं मी कोल्हापुरातल्या एका ठाण्यात हवालदार होते. नावं कुणाचीच सांगत नाही, ती माणसं अजून आहेत.

एका ख्रिस्ती मास्तरांची बायको भर दुपारी अंगणात डोकं फुटून पडलेली सापडली. मास्तर म्हणाले, मी आत झोपलो होतो. शेजारी वडापची, म्हणजे सीटवर भाडं घेऊन माणसं नेणारी, जीप चालवणारा एक ड्रायव्हर राहायचा. फाटकासमोर जीप लावण्यावरून त्याचं आणि बाईंचं सकाळीच वाजलं होतं. "एक दिवस बघतोच तुला," असं तो ओरडलेलं गल्लीनं ऐकलं होतं. त्यात पिणारा. दुपारी कुठं होतास, याचं धड उत्तर त्याला देता येईना. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला आणि तो जेलमध्ये गेला.

बाई शुद्धीवर आल्या तसा जबाब घ्यायला मीच गेले. "कुणी मारलं ते आठवत नाही," त्या म्हणाल्या. मी विचारलं, सकाळी ड्रायव्हरनं धमकी दिली होती ना? त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी लिहिलं, वाचून दाखवलं आणि उठले.

पुढं महिनाभर ड्रायव्हरची आई ठाण्यात येत राहिली. भाजी विकणारी, तोंडानं फटकळ. ठाणे अंमलदार हाकलायचा, ती पायरीवर जाऊन बसायची. एक दिवस तिनं मलाच अडवलं.

"व्हय गं बाई, तुला पोरं हायती का न्हाईत?"

"आहेत की. तुमचं म्हणणं काय?"

"माझं पोरगं पितंय, शिव्या देतंय, समदं खरं. पर मी ऐतवारी त्यांच्या चर्चच्या दारात भाजी घिऊन बसते. आधी मास्तर सगळ्यांस्नी परसाद वाटायचा. आता त्येला पार मागच्या बाकावर बसीवलंय, परसाद बी देत न्हाईत. डोकं फुटलं बायकोचं, आन् शिक्षा नवऱ्याला कशापायी? इचार की जाऊन."

मी काही त्यांच्यातली नाही, मला त्यातलं कळत नव्हतं. साध्या साडीत पाळकांच्या घरी गेले. पाळक म्हणजे त्या चर्चच्या मंडळीचे धर्मगुरू. शांत, सरळ माणूस. मास्तरांना मागं का बसवलंय, असं विचारलं. मला वाटलं टाळाटाळ करतील. लपवणारा माणूस आधी इकडचं तिकडचं बोलतो. पाळक तसं बोलले नाहीत.

"त्यांनी रागाच्या भरात बायकोला बत्ता मारला. त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी सगळ्या मंडळीपुढं उभं राहून कबूल केलं. ते मंडळीचे पंच होते, ते पद काढलं आम्ही, वर्षभर प्रभुभोजनातून, म्हणजे तुम्ही प्रसाद म्हणता त्यातून, दूर ठेवलं. आपल्या माणसाला पाठीशी घालत नाही आम्ही, बाई."

"सगळ्या मंडळीपुढं?"

"हो. चर्च भरलेलं होतं."

"आणि तो ड्रायव्हर जेलमध्ये आहे, हे ठाऊक होतं?"

"होतं. पण तो आमच्या मंडळीतला नाही. बाहेरच्यांचा न्याय करायचा आम्हाला अधिकार नाही, तो देवाचा. त्याच्याबद्दल बरावाईट एक शब्द कुणी काढू नये, असं मीच सांगितलं होतं."

हे ते समाधानानं सांगत होते. चर्चभर माणसं, मास्तरांचं घर सोडलं तर त्यातलं कुणीही खोटं बोललं नव्हतं, आणि एक माणूस सव्वा महिना आत होता.

मी म्हटलं, "पाळकसाहेब, न्याय नका करू. पण तो आत आहे तो तुम्ही गप्प बसलात म्हणून."

त्यांनी उठून चपला घातल्या. "चला, जबाब देतो," म्हणाले.

मास्तरांवर आवाज चढवायची वेळही आली नाही. "माझी शिक्षा चालूच आहे, असं मला वाटत होतं," हेच परत परत बोलत होते. बत्ता त्यांनीच माळ्यावरून काढून दिला, पंचनामा झाला.

मी बाईंकडं परत गेले. खरं का नाही सांगितलंत, म्हणून विचारलं.

"तुम्ही ड्रायव्हरचंच विचारलंत," त्या म्हणाल्या. "ह्यांचं एकदा तरी विचारलंत का? तुमचा कागद घरूनच लिहून आणला होता तुम्ही."

मी नवा कागद काढला आणि त्यांनी सांगितलं तसं लिहून घेतलं.

ड्रायव्हर सुटला. पाळक आणि पंच त्याच्या दारात जाऊन माफी मागून आले. पाळकांनी स्वतःलाही प्रभुभोजनातून दूर ठेवलं, असं कानावर आलं. मीही तो जबाब कसा घेतला ते लिहून साहेबांपुढं ठेवलं. साहेब म्हणाले, "मी तुला झापतो, विषय संपला. खात्यातलं बाहेर कशाला?" तेव्हा मात्र मी हट्टानं तो कागद फाइलला लावायला लावला.

आपल्या माणसाला चारचौघांत जाब विचारणं सोपं नसतं. त्या मंडळीनं ते आमच्या खात्यापेक्षा चांगलं केलं होतं, हे मी आजही म्हणेन. बाहेरच्याला नावं ठेवू नयेत, हेही पटतं. पण आपल्याच्या गुन्ह्याखाली बाहेरचा कुणी सापडला असेल, तर आधी त्याला मोकळं करायचं. बाकीचं नंतर.

कागदाचं सांगायला ड्रायव्हरकडं गेले, तर तो जीप पुसत होता. "लिवलंसा ते बरं केलंसा बाई," म्हणाला, "पर गल्लीत माझं नाव अजून तेच हाय. हितं सांगा की."

गणवेशात होते तशीच घरोघर निघाले. पहिल्याच घरात एक म्हातारे म्हणाले, "आम्हाला ठावं होतं की. पोरगं त्या दुपारी हितंच कट्ट्यावर पिऊन पडलं होतं."

मग ठाण्यात का नाही आलात, असं विचारणार होते मी. पण त्यांच्या दारात विचारायला तरी मी कुठं गेले होते?