आंब्याच्या डब्यांतला आमचा वाटा

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी रत्नागिरीतल्या एका आंब्याच्या कारखान्यात कामाला लागले. नवरा मुंबईत गिरणीत होता. त्याची मनिऑर्डर कधी वेळेवर येई, कधी येत नसे. घरात मी आणि सासूबाई. "बाईमाणसानं कारखान्यात जायचं?" एवढंच त्या म्हणाल्या, पण अडवलं नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. कारखाना कसला, एक लांबलचक कौलारू शेड होती. आम्ही पंधरा-सोळा बायका आंबे सोलायचो, फोडी करायचो, डबे भरायचो. रोजावरचं काम, तेही पावसापर्यंतच. चीक लागून बोटांची सालं निघायची. डबे बंद करायचं यंत्र एक वयस्क मुसलमान मिस्त्री चालवत. त्यांचं तरुणपण आगबोटीच्या इंजिनाजवळ गेलं होतं. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो.

त्या वर्षी माल चांगला खपला. श्रावणात आम्ही सगळ्याजणी चार दिवस कारखान्यात लोणच्याच्या बरण्या धुवायला गेलो होतो, तेव्हा मालकांनी कायमच्या गड्यांना अंगणात बोलावलं. म्हणाले, "यंदापासून नफ्यातला एक भाग तुमचा. गणपतीच्या आधी हातात देतो."

गडी खूश झाले. आम्ही बरण्या धूत राहिलो. आमचा काही संबंध असेल असं आमच्या मनातही आलं नाही.

चाचांनी मात्र विचारलं, "शेठ, ह्या बायांचं काय?"

"त्या रोजावरच्या, चाचा. त्यांचा रोज चुकता झालाय."

"आमच्या गावात होडी किनाऱ्याला लागली की वाटे पडतात," चाचा म्हणाले. "जाळं ओढणाऱ्याला वाटा, तसा होडीवर भात रांधणाऱ्यालाही वाटा. तो जाळ्याला हात लावत नाही, पण उपाशी पोटी जाळं ओढणार कोण? ह्या बायांनी तर आंबाच कापलाय."

मालक म्हणाले, "रक्कम ठरलेली आहे. वाटेकरी वाढले तर तुमचेच वाटे लहान होतील."

पेट्या ठोकणारा एक गडी लगेच बोलला, "माझ्या मुलीचं लग्न आहे, चाचा. मला कमी पडून चालायचं नाही."

"तुला कमी पडेल ते माझ्या वाट्यातून घे," चाचा म्हणाले.

गड्याची मान खाली गेली. तो पुटपुटला, "नको. पडू देत सगळ्यांचे वाटे."

गणपतीला आठ दिवस असताना आम्हाला पैसे मिळाले. प्रत्येकीला चाळीस रुपये. मी घरी जायच्या आधी सासूबाईंच्या डोळ्यांचा विचार केला. दोन वर्षं त्या तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं आणि चष्मा करायला टाकला.

चष्मा आला. डोळ्यांना लावून त्यांनी आधी दारातली तुळस पाहिली, मग मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर त्यांनी माझं मनगटच धरलं.

"हे काय गो हातांचं?"

"चीक लागतो आंब्याचा. आता बरे आहेत, पूर्वी जास्त होतं."

"आणि बोलली नाहीस?"

त्यांनी खोबरेल आणलं आणि मला समोर बसवून एकेका बोटाला चोळलं. माहेर सोडल्यापासून माझ्या हातांना असं कुणी तेल लावलं नव्हतं. मला रडू आलं, त्यांनाही आलं.

गौरीच्या सणाला त्यांनी हळदीच्या पानात वाफवलेल्या गोड पातोळ्या केल्या आणि डबा घेऊन स्वतः चाचांच्या दारात गेल्या. मी मागे होते. "तुमच्यामुळे दिसायला लागलं मला," त्या म्हणाल्या.

चाचा ओशाळले. "मी काय दिलं, बाई? तुमच्या सुनेचंच होतं ते."

त्यांच्या बायकोनं आम्हाला बसवून घेतलं, चहा केला, निघताना दोन नारळ हातात ठेवले.

मी त्या कारखान्यात आणखी सहा हंगाम काढले. दोन वर्षं धंदा बसला, कुणालाच काही मिळालं नाही. बाकीच्या वर्षी मालक स्वतःहून आम्हाला बोलवायचे, आणि वाटा घेताना आमच्यापैकी कुणालाही मान खाली घालावी लागली नाही. सासूबाई पुढे नऊ वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत तांदूळ त्यांनीच निवडले.